वाचकांचे प्रश्न: दप्तरातले कागद, तारखा आणि तपासण्या

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे घरात सापडलेल्या जुन्या कागदांविषयी आहेत. कोणी मोडी पत्राची तारीख विचारतो, कोणी कार्बन चाचणीचा पत्ता, कोणी वाळवीवरचा उपाय. या अंकात त्यांतल्या पाच प्रश्नांना सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न: आमच्या घरच्या एका मोडी कागदाच्या शेवटी ‘छ २० रज्जब सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असे आहे. लिप्यंतर करून देणाऱ्या एकाने त्यापुढे इ. स. १७७१ लिहिले, दुसऱ्याने १७७२. कागदाच्या पाठीवर ‘आश्विन वद्य ६ भौमे’ एवढेच बाळबोध अक्षरात आहे. बरोबर कोण? (वाई)

उत्तर: १७७१. दिवससुद्धा सांगता येतो: मंगळवार, २९ ऑक्टोबर १७७१. तुमच्या कागदाने एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा दिल्या आहेत आणि त्या एकाच दिवसावर येऊन मिळतात, म्हणून इतके ठामपणे म्हणतो.

हा सन शुहूर सन, म्हणजेच अरबी सन किंवा मृगसाल. तो आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि एकं आधी, मग दहं, मग शतक, शेवटी हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. लिहिण्यात थोडाफार फरक पडतो, पण सबा (७) आणि सबैन (७०) किंवा सीत (६) आणि सितैन (६०) यांची गल्लत झाली की वर्ष पार कुठल्या कुठे जाते. मोडीत शेवटचा ‘न’ लपेटीत बुडालेला असतो, त्यामुळे ही गल्लत फार वेळा होते. तुमच्या कागदावर २ + ७० + १०० + १००० म्हणजे ११७२.

आता दोघांचे जिथे बिनसले ती जागा. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. त्यामुळे सन ११७२ हा जून १७७१ ते जून १७७२ असा पसरला आहे. प्रसंग जून ते डिसेंबरमधला असेल तर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते जूनमधला असेल तर ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तिचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. तिथे ६०० मिळवावे लागतात. तुमच्या दुसऱ्या लिप्यंतरकाराने बहुधा हाच ६०० चा आकडा लक्षात ठेवून सगळीकडे लावला.

५९९ की ६०० हे ठरवायला महिना इंग्रजी वर्षात कुठे पडला ते पाहावे लागते. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढची तारीख हिजरी महिन्याची. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून रज्जब दर वर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकतो. तो पावसाळ्यातला की हिवाळ्यातला हे पाठ करून चालत नाही. हिजरी ११८५ चा रज्जब १० ऑक्टोबर १७७१ च्या सुमारास सुरू झाला. पुढच्या वर्षीचा रज्जबही साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच, पण तोवर सन ११७३ लागलेला होता. म्हणून १७७२ बसतच नाही.

एवढ्यावर थांबू नका. पाठीवरची तिथी आणि वार हा तुमचा खरा साक्षीदार आहे. २९ ऑक्टोबर १७७१ ला आश्विन वद्य षष्ठी होती आणि वार मंगळवार, म्हणजे भौमवार. जुन्या जंत्र्या ग्रंथालयांत मिळतात: शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांची १८९६ ची कोष्टके, आणि स्वामीकण्णू पिल्ले यांची १९२२ ची जंत्री, जिच्यात इ. स. ७०० ते १७९९ मधल्या रोजच्या तिथी आहेत. संगणकावरच्या पंचांगाने काढले तरी चालेल, पण एका छापील कोष्टकाशी ताडून घ्या. काही प्रणाली १७५२ च्या आधीच्या तारखा गुपचूप नव्या, ग्रेगोरियन पद्धतीने दाखवतात.

तिथी आणि वार जुळणे याची किंमत किती? तारीख साफ चुकीची असली तरी वार निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक असते. म्हणजे एकट्या वाराच्या मेळावर विसंबणे बरे नाही. तुमच्याकडे हिजरी तारीख, तिथी आणि वार तिन्ही आहेत, ही चैन सगळ्यांना मिळत नाही.

तिथी-वार जुळला नाही तर कागद लगेच खोटा ठरवू नका. एका दिवसाचा फरक बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो: पंचांगातली तिथी सूर्योदयाची, पत्र लिहिताना दुसरी लागलेली, हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो, आणि महिन्याचा पहिला दिवस चंद्रदर्शनावर असल्यामुळे ढगाळ आकाशात एका दिवसाने पुढे जातो. महिन्याचा फरक आला तर लेखनिक उत्तरेतला होता का ते पाहा. आपला आश्विन वद्य पंधरवडा तिकडे पौर्णिमान्त गणनेने, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवण्याच्या रीतीने, कार्तिक वद्य होतो. अधिक महिनाही तपासा. पूर्ण वर्षाचा फरक आला तर शक चालू (सुरू असलेले वर्ष) धरला आहे की गत (पूर्ण झालेली वर्षे), हा प्रश्न विचारायचा.

संवत्सराचे नाव असेल तर आणखी एक पडताळा मिळतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरेल तो क्रमांक; प्रभव १, बाकी शून्य आली तर ६०वा क्षय. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठशोधन शके १५०६ ला, तारण संवत्सरात केले. १५०६ + १२ = १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारणच. तुमच्या कागदाचा शके १७७१ उणे ७८, म्हणजे १६९३: बाकी २५, खर संवत्सर. हे गणित दख्खनच्या कागदांसाठी आहे. उत्तरेत संवत्सरांचे चक्र निराळे चालते.

फसली सन (महसुली वर्ष) आढळला तर तो शुहूरपेक्षा ९ ने जास्त असतो, म्हणजे इसवी सनासाठी ५९० किंवा ५९१ मिळवायचे. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४.

दोन सापळे अजून सांगायला हवेत. पत्राच्या पाठीवर किंवा कोपऱ्यात ‘पैवस्ती’ किंवा त्याचा संक्षेप ‘पे॥’ असेल तर ती पत्र पोचल्याची तारीख आहे, लिहिल्याची नव्हे. दिल्लीहून पुण्याला यायला लागणारे दिवस लिहिणाऱ्याच्या माथी मारू नका. दुसरा सापळा युरोपीय कागदांचा. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी ग्रेगोरियन पद्धत स्वीकारली, इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ चा म्हणतो ती ज्यूलियन तारीख, सुरत-मुंबईच्या इंग्रजांच्या कागदांतली. त्याच दिवशी गोव्यात लिहिलेल्या पोर्तुगीज कागदावर १६ जून असणार. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांच्या कागदातला ‘फेब्रुवारी १६७३’ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६७४ असू शकतो. दोन दप्तरांतल्या नोंदींत दहा दिवसांचा किंवा नेमका एक वर्षाचा फरक दिसला, की आधी इथे शोधा.

टिपण करताना मूळ उल्लेख अक्षरशः उतरवा, खाली रूपांतर, आणि त्याखाली ते कशावरून केले ते. नुसते ‘१७७१’ लिहून ठेवले तर पुढच्या माणसाला तुमची चूक सापडायला वाटच राहत नाही.

प्रश्न: आमच्या घराण्याची सनद शिवकालातली आहे असे वडील सांगत. कार्बन चाचणीने हे सिद्ध करता येईल का? (नांदेड)

उत्तर: नाही, आणि ही चाचणी करून घेण्यात पैसा आणि कागदाचा तुकडा दोन्ही वाया जातील.

कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे. १६७४ पासून आजवर त्यातला जेमतेम चार टक्के भाग कमी झालेला असतो. तेवढे मोजणे आजच्या त्वरक यंत्रांना जड नाही. काही मिलिग्रॅम कागद पुरतो आणि मोजणीची चूक पंचवीस-तीस वर्षांवर आणता येते. अडचण यंत्रात नाही, हवेत आहे. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण दर शतकात सारखे नव्हते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूर्य शांत होता तेव्हा ते वाढले, औद्योगिक काळात कोळशाच्या धुराने उतरले. झाडांच्या वलयांवरून याचा आलेख तयार केलेला आहे, आणि मोजलेले वय त्या आलेखावर ठेवूनच खरे वर्ष काढतात. १६५० ते १९५० या पट्ट्यात हा आलेख वरखाली होत जवळपास आडवा पसरलेला आहे. समजा प्रयोगशाळेने ‘२०० अधिक-उणे ३० वर्षे’ असे कळवले; त्याचा अर्थ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, अठराव्याचा मोठा भाग, किंवा विसाव्याचा पूर्वार्ध, यांपैकी काहीही. म्हणजे शिवकाल, पेशवाई आणि आजोबांचा काळ एकाच उत्तरात. शिवाय या शास्त्रात ‘आज’ म्हणजे १९५० धरतात, हे अहवाल वाचताना विसरू नका. आणि चाचणी कापूस किंवा ताग कधी वाढला ते सांगते. जुन्या चिंध्यांचा कागद असेल तर त्याचे वय लिहिण्याच्या आधीचे निघते.

एका कामाला मात्र ती चाचणी अचूक आहे. १९५५ नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला आणि १९६० च्या दशकात शिखराला पोचला. त्यानंतर वाढलेल्या वनस्पतीचा कागद असेल तर ते लपत नाही. अलीकडची बनावट पकडण्यापुरता तिचा उपयोग आहे.

पण त्यासाठी आधी स्वस्त मार्ग वापरा. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च काही शे रुपयांत मिळते. अंधाऱ्या खोलीत कागदावर धरा. जुना हातकागद मळकट, पिवळसर दिसतो. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत, आणि ती साधारण १९५० नंतरच कागदात आली. एक काळजी घ्या: पाठीला लावलेला नवा कागद किंवा साबणाने धुतलेले कापडही तसेच चमकते, म्हणून मूळ पानाची सुटी कड पाहा. दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. कडेचा एखादा सुटा धागा पुरतो. जुन्या देशी कागदात ताग, अंबाडी, कापूस यांचे लांब तंतू असतात. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. पान उजेडासमोर धरून जलचिन्ह आहे का तेही बघा. युरोपीय कागदाच्या जलचिन्हात कधी कधी चक्क वर्षच असते.

आणि कागद शिवकालीन निघाला तरी सनद शिवकालीन ठरत नाही. जुने कोरे कागद मिळवून त्यावर लिहिता येते. उलट बाजूने, उशिराचा कागद निघाला म्हणजे लबाडी असेही नव्हे. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा असंख्य घराण्यांनी आपल्या सनदांच्या नकला तयार केल्या. अशा नकलेवर बहुधा ‘तालीक’ किंवा ‘नक्कल’ असा शब्द असतो. तुमच्या कागदावर तो शब्द शोधा, शिक्का उमटवलेला आहे की नुसता रेखाटलेला ते पाहा, आणि मग पहिल्या उत्तरातली तिथी-वार-संवत्सराची कसोटी लावा. बनावट करणाऱ्याला जुना कागद मिळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या वद्य पंचमीचा वार त्याला सहसा येत नाही. तुमच्या वडिलांच्या सांगण्याला बळ मिळायचे असेल तर ते इथून मिळेल.

प्रश्न: पोथ्यांच्या गाठोड्यात झुरळे, कसर आणि वाळवीची माती दिसते. कडुनिंबाचा पाला घालतो. आणखी काय करावे? (चिपळूण)

उत्तर: पाला किडे दूर ठेवायला थोडीफार मदत करतो, आत असलेल्यांना मारत नाही. पाला थेट कागदाला लागू देऊ नका, डाग पडतो. रुमालाच्या बाहेरच्या घडीत ठेवा. कीटकनाशक पूड तर अजिबात नको. ती कागदात वर्षानुवर्षे राहते आणि वाचणाऱ्याच्या श्वासात जाते.

आत अळ्या असतील तर गोठवणे हा सर्वात निर्धोक उपाय. गाठोडे स्वच्छ सुती कापडात, मग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, हवा काढून चिकटपट्टीने पक्के बंद करा. उणे २० अंशांना एक आठवडा. घरगुती फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, तिथे दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. घाईत उघडली की थंड कागदावर दव धरते, आणि आपली जुनी शाई काजळ आणि डिंकाची असल्याने पाण्याने लगेच फरफटते. लाखेचे शिक्के असलेला कागद गोठवू नका, लाख तडकते. बुरशी गोठवल्याने मरत नाही, नुसती थांबते; ती कोरडी झाल्यावर मऊ कुंचल्याने, तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर झाडावी.

कोकणात खरा शत्रू ओल. पंधरा-वीस दिवसांत एकदा पाहता येईल असा आर्द्रतामापक कपाटात ठेवा आणि आकडा ५५ टक्क्यांच्या खाली राखायचा प्रयत्न करा. पावसाळ्यात गच्च बंद लोखंडी कपाट आतली ओल कोंडून धरते. भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वर, आणि आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दहा-पंधरा वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन आरपार झिरपतो आणि तो डाग निघत नाही.

प्रश्न: आमच्या मठात ज्ञानेश्वरीच्या तीन हस्तलिखित प्रती आहेत. तिन्हींत पाठभेद आहेत. दोन प्रती जिथे एकसारख्या तो पाठ खरा मानावा का? (बेळगाव)

उत्तर: नाही. पाठनिर्णयात बहुमत चालत नाही. त्या दोन प्रती एकाच तिसऱ्या प्रतीवरून उतरवलेल्या असतील तर ती मते दोन नसून एकच आहे.

प्रतींचे नाते ठरवायचे ते समान चुकांवरून, समान बरोबर पाठांवरून नव्हे. बरोबर पाठ सगळ्यांना मुळातून मिळालेला असतो, त्यावरून काहीच कळत नाही. पण दोन प्रतींत तीच ओवी गळली, तोच निरर्थक शब्द आला, तर त्या एका वंशातल्या. जीवशास्त्रात प्राण्यांची कुळे लावताना नेमका हाच नियम पाळतात: नव्याने आलेली समान लक्षणे मोजायची, सर्वांना पूर्वीपासून असलेली नाही. १९९८ मध्ये जुना इंग्रज कवी चॉसर याच्या एका काव्यभागाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक यांनी मिळून जनुकांच्या अभ्यासासाठी बनवलेल्या संगणकप्रणालीने मांडली होती. माझ्या मते विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या मैत्रीचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही, कारण इथे उधार घेतलेली गोष्ट केवळ यंत्र नसून दोघांकडे स्वतंत्रपणे तयार झालेला तोच तर्क होता.

तुम्ही सुरुवात अशी करा. संपूर्ण ग्रंथ घेऊ नका. आरंभीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तीन अध्यायांतून प्रत्येकी सलग शंभर ओव्या घ्या. तीन ठिकाणच्या यासाठी, की नकलनवीस अर्ध्यातच दुसरी आदर्शप्रत (जिच्यावरून नक्कल उतरवतो ती प्रत) हाती घेतो, आणि पहिल्या अध्यायातले नाते अठराव्यात टिकत नाही. एक छापील आवृत्ती मोजपट्टी म्हणून ठेवा (प्रमाण म्हणून नव्हे) आणि तक्त्यात प्रत्येक ओवीपुढे तिन्ही प्रतींचे भेद जसेच्या तसे लिहा. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराचे भेद वेगळ्या रकान्यात टाका. ते लेखनिकाच्या सवयीचे असतात आणि नाते सांगत नाहीत. उरलेल्यांचे प्रकार करा: गळलेली ओवी, जादा ओवी, बदललेला शब्द, उलटलेला क्रम.

ओवी गळण्याचे कारण बहुधा यमक असते. नकलनवीस एका ओवीचे शेवटचे अक्षर मनात ठेवून मूळ प्रतीकडे पाहतो, नजर तशाच यमकाच्या पुढच्या ओवीवर पडते, मधली जाते. अध्यायाअखेर लिहिलेली ओवीसंख्या आणि प्रत्यक्ष मोजलेली संख्या ताडून पाहिलीत तर अशा जागा चटकन हाती लागतात. अक्षरांच्या गोंधळाची यादीही जवळ ठेवा: प-य-ष, घ-ध, म-भ, च-व. आदर्शप्रत जुनी असेल तर पृष्ठमात्रेची चूक सापडेल. एकाराची मात्रा अक्षराआधी उभ्या काठीने लिहीत. नंतरच्या लेखनिकाने ती मागल्या अक्षराचा काना समजून वाचली की दोन शब्द बिघडतात. अशी चूक म्हणजे ती प्रत पृष्ठमात्रेच्या प्रतीच्या वंशातली असल्याची खूण.

दोन पाठांपैकी एक अवघड, जुन्या वळणाचा, आणि दुसरा सोपा असेल तर सहसा अवघड मूळचा. लेखनिक न कळलेला शब्द सोपा करतो. सोपा मुद्दाम अवघड करीत नाही. मात्र अवघड म्हणजे अर्थहीन नव्हे. ओवीत अर्थ लागलाच पाहिजे.

ही सारी पद्धत कोलमडते ती मिश्रणाने. विद्वान लेखनिक दोन प्रती समोर ठेवून दोन्हींतले आवडते पाठ घेतो, मग वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत मिसळतात. समासात दुसऱ्या हाताने केलेल्या दुरुस्त्या त्यासाठी वेगळ्या नोंदवा. पुढच्या नकलेत त्या मूळ मजकुरात शिरलेल्या असतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२५९ हस्तलिखिते तपासली, काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला पुरे झाले. एवढ्या सामग्रीपुढेही तिचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकरांनी काटेकोर वंशवृक्षावर भर न देता प्रांतवार लिप्यांच्या पाठपरंपरा वेगळ्या ठेवल्या, तळटीपांत सगळे पाठभेद छापले आणि संशयास्पद जागी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. तुमच्या तीन प्रतींवरून ‘मूळ’ ज्ञानेश्वरी मिळणार नाही. पण मठाच्या परंपरेत कोणता पाठ केव्हापासून म्हटला जातो, हे मिळू शकते, आणि ते कुठल्याही छापील आवृत्तीत नाही.

प्रश्न: किराणा दुकानाच्या जुन्या वह्यांतून ज्वारीचे दर काढून सरासरी लावते आहे. माझे आकडे मार्गदर्शकांच्या आकड्यांशी जुळत नाहीत. (सोलापूर)

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या पानात दर ‘रुपयास इतके शेर’ असा आहे. चूक तिथेच आहे. हा दर उलटा असतो, आकडा मोठा म्हणजे स्वस्ताई. एका महिन्यात रुपयाला २० शेर, दुसऱ्यात १० शेर, तर साधी सरासरी १५ येते. पण शेराची किंमत पहिल्या महिन्यात ०.०५ रुपये, दुसऱ्यात ०.१०, सरासरी ०.०७५, म्हणजे रुपयाला १३.३ शेर. आधी प्रत्येक नोंद ‘शेरास इतके रुपये’ अशी उलटवा, मग सरासरी काढा. न उलटवता काढलेली सरासरी महागाई नेहमी कमी दाखवते, आणि दुष्काळाच्या वर्षांत सर्वात जास्त फसवते. नेमकी हीच वर्षे तुम्हाला हवी आहेत.

मापांकडे पाहा. ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी हे कोष्टक बऱ्याच ठिकाणी चालते, पण शेर गावागणिक लहानमोठा. ‘कैली’ म्हणजे मापी, ‘वजनी’ म्हणजे तोललेला. एकाच पानावर दोन्ही असतात. किलोत रूपांतर करायचा मोह आवरा. एका दुकानाची वही तिच्याच शेरात ठेवली तर वर्षावर्षांची तुलना शुद्ध राहते. नाण्याचेही तसेच: चांदवडी, अंकुशी, हाली या रुपयांवर वेगवेगळा बट्टा असे, म्हणून नाण्याचा रकाना वेगळा हवा.

टंकताना होणारी एक चूक तुमच्या तक्त्यात तीन ठिकाणी दिसली. हिशेबात एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. ‘१॥’ म्हणजे दीड. तुमच्या तक्त्यात तो १११ झाला आहे.

कापणीनंतरचे आणि आषाढ-श्रावणातले दर एकत्र मिसळू नका. एका वर्षाच्या फक्त पावसाळी नोंदी उरल्या असतील तर ते वर्ष उगाच महाग दिसेल. प्रत्येक वर्षी कोणत्या महिन्यांच्या किती नोंदी आहेत ते तक्त्यात दाखवा, आणि तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करा.

वहीची छायाचित्रे पुन्हा घ्यावी लागतील, कारण पाठवलेल्यांत रेघा मोजता येत नाहीत. बारा मेगापिक्सेलचा फोन असेल तर चौकटीत २५ सेंटिमीटरपेक्षा लांब भाग घेऊ नका. मग इंचाला ४०० ठिपके मिळतात आणि बोरूची बारीक रेघही सुटी दिसते. लांब पान तुकड्यांत घ्या, दोन तुकड्यांत बोटभर मजकूर दोन्हीकडे येऊ द्या. फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड, शेजारी मोजपट्टी. कोरी वाटणारी पाठही टिपा. वसुलीची आणि पोचेची नोंद बहुतेक वेळा तिथेच असते.